बोलण्याचे गुण

बोलण्याला मार्क देणं हे माझं काम होतं, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग जरा जपून बोलायला लागतात. नात्यातल्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझी ओळख कळल्यावर जेवण उरकेपर्यंत तोंड उघडलं ते फक्त घास घालायला. त्यांना वाटलं, बाई मनातल्या मनात मार्क टाकतायत. खरं सांगायचं तर टाकतच होते. इतक्या वर्षांची सवय, जाते कशी?

मी कायद्याची प्राध्यापक. शहरातल्या एका विधी महाविद्यालयात शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. करार शिकवला, मालमत्तेचा कायदा शिकवला, पुराव्याचा शिकवला. पण विद्यार्थी मला ओळखतात ते ‘मूट कोर्टवाल्या मॅडम’ म्हणून. हे मूट कोर्ट म्हणजे खोटं खोटं कोर्ट. वकिलीच्या अभ्यासात लेखी पेपरांबरोबर प्रात्यक्षिकही असतं. एक काल्पनिक खटला द्यायचा, चिठ्ठ्या टाकून बाजू वाटायच्या, एकानं वादीच्या वतीनं उभं राहायचं, दुसऱ्यानं प्रतिवादीच्या. समोर न्यायाधीश म्हणून आम्ही मास्तर लोक. पोरांनी युक्तिवाद करायचा, आम्ही मधेच अडवून प्रश्न विचारायचे आणि शेवटी मार्क द्यायचे. त्याशिवाय पक्षकाराशी बोलून त्याची तक्रार समजून घ्यायची परीक्षाही असते. तिथं पक्षकाराचं सोंग आमच्यातलंच कुणीतरी घेतं.

हे काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. सगळ्यांच्या लेखी तो फुकट मार्कांचा विषय होता. कोट कडक इस्त्रीचा, इंग्रजी सफाईदार आणि आवाज खणखणीत असला की भरघोस मार्क. पोरगं खेड्यातलं, मान खाली घालून मराठीत बोलणारं असलं की पास होण्यापुरते. यात कुणी मुद्दाम अन्याय करत होतं असं नाही. लेखी पेपर तपासताना उत्तर समोर कागदावर असतं. बोलणं हवेत विरून जातं आणि मागं राहतो तो फक्त ठसा. मग त्या ठशालाच मार्क पडायचे.

माझ्या जोडीला सय्यद सर होते. फौजदारी कायदा शिकवायचे. शहराच्या जुन्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या राहिलेलं घर. घरात उर्दू, वर्गात शुद्ध मराठी आणि वैतागले किंवा खुश झाले की दखनी. सुरुवातीला आम्ही दोघांनी एकदा गंमत म्हणून एकाच मुलाचा युक्तिवाद ऐकून वेगवेगळे मार्क दिले आणि मग कागद समोरासमोर ठेवले. दोघांच्या मार्कांत इतकं अंतर होतं की आम्ही दोघंही ओशाळलो. सर म्हणाले, “मॅडम, मैं आवाज को नंबर दिया, तुम बात को दिये.”

त्या दिवसापासून आम्ही एक शिस्त लावून घेतली. विद्यार्थी खाली बसला की पेन हातात घ्यायचं नाही. आधी एकमेकांना दोन वाक्यांत सांगायचं, की हा काय म्हणाला. सांगता आलं, तर बोलणं पोचलं. नाही सांगता आलं, तर आवाज कितीही गोड असो, काही पोचलेलं नाही. मग मार्कांचे वाटे केले. घडलेली हकीकत नीट मांडली का, कायदा लागू केला का, आणि सगळ्यात मोठा वाटा: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का. उभं राहणं, आवाज, अदब यांना शेवटचा लहान वाटा. भाषेला वेगळे मार्क ठेवलेच नाहीत. तालुक्याच्या कोर्टात कामकाज मराठीत चालतं, पोरं पेपर मराठीत लिहितात. मग तोंडीला आम्ही नाकं मुरडणारे कोण?

यातून मजेदार नमुने पाहायला मिळाले. एक मुलगा अख्खा युक्तिवाद पाठ करून यायचा. प्रश्न विचारला की त्याची गाडी रुळावरून उतरायची आणि तो पुन्हा ‘माननीय न्यायालयास नम्र विनंती’पासून सुरुवात करायचा. शेवटी सय्यद सरांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं, नाहीतर आम्ही दोघं अजून तिथंच बसलेलो असतो.

पक्षकाराच्या परीक्षेत मी बहुधा घरमालकानं खोलीला कुलूप लावलेली विधवा व्हायचे. पोरं मला समोर बसवून भाडेकायदा समजावून सांगायची. कलमं सांगायची, निवाडे सांगायची. एका हुशार मुलानं इतकं सांगितलं, की मला खरोखर डुलकी लागली. माझं नाव काय, हे त्यानं विचारलंच नाही. त्याच वर्गात पैठणकडचा संदीप नावाचा एक मुलगा होता, धरणाच्या बाजूच्या गावातला, वर्गात कधी तोंड न उघडणारा. तो आला, खुर्ची जरा जवळ ओढून बसला आणि म्हणाला, “मावशी, पाणी घेता का? बरं, कुलूप लावलंय तर आता राहायलात कुठं?” हा प्रश्न तोवर एकानंही विचारला नव्हता. मला उत्तर तयार करावं लागलं, कारण आम्ही लिहून ठेवलेल्या हकीकतीत ते नव्हतंच. मी म्हटलं, बहिणीकडे. तो म्हणाला, सामान आतच का? औषधं वगैरे? मग त्यानं आधी काय अर्ज करायचा ते सांगितलं: सामान बाहेर काढायची परवानगी. बाकी भांडण नंतर. त्याला मी दिलेले मार्क पाहून स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. मुलाला धड चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, असं एकजण म्हणाले. मी म्हटलं, त्यानं मला बोलू दिलं.

पण मला सांगायचंय ते सविता खरातबद्दल.

सविता वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील बाजार समितीत मापाडी, आई अंगणवाडीत मदतनीस. घर बौद्ध. गावात एप्रिलातल्या जयंतीला विहारासमोर स्टेज बांधतात, त्या स्टेजवर ही पोरगी प्राथमिक शाळेत असल्यापासून भाषण करत आलेली. पुढं आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली. तिचा आवाज असा, की माइकची गरज फक्त शोभेला. महाविद्यालयात आली तेव्हा वक्तृत्वाच्या ढाली आधीच मिळवलेल्या होत्या आणि मूट कोर्ट म्हणजे आपलंच अंगण, असं तिला वाटत होतं. वर्गालाही तसंच वाटत होतं.

तिचा पहिला युक्तिवाद हातगाडीवाल्यांच्या बाजूनं होता. नगरपालिकेनं रस्त्यावरच्या भाजीच्या गाड्या उचलून नेल्या, असा खटला. सविता उभी राहिली आणि हॉलमधले पंखेसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले. राज्यघटना, समता, पोटाचा हक्क, सगळं आलं. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. कोर्टात टाळ्या वाजवत नाहीत, हे मला ओरडून सांगावं लागलं. मधेच सय्यद सरांनी विचारलं, गाड्या उचलण्याआधी नोटीस दिली होती की नव्हती? सवितानं सभेला शांत करावं तसा हात वर केला, “साहेब, मी त्यावर येतेच,” म्हणाली आणि पुढं निघाली. नोटिशीवर ती शेवटपर्यंत आली नाही. खरं तर तिचा सगळा खटला त्या नोटिशीतच होता.

ती खाली बसल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे एकमेकांकडे पाहिलं. दोन वाक्यं सांगायला गेलो, तर दोघांच्याही कानात नुसता आवाज. मी तिला निम्म्याहूनही कमी मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी. मी आत बोलावलं, बस म्हटलं. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं विचारलं, “मॅडम, माझं बोलणं गावठी हाय म्हणून मार्क कमी दिले का?”

स्टाफरूममधल्या दोन-तीन जणांनी वर पाहिलं. मला राग आला नाही. तिचा प्रश्न वाजवी होता. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, आणि या मुलीनं शाळेपासून ते कुठं ना कुठं भोगलेलं असणार. मी तिला कारण सांगितलं: तू प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. ती शांतपणे ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिचा विश्वास बसत नाहीये. शेवटी ती म्हणाली, “असंच सांगतेत सगळे,” आणि वळली.

मी तिला थांबवलं. बोलण्यानं तिची खात्री पटणार नव्हती, बोलण्यात तीच माझ्यापेक्षा वरचढ होती. मी तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीची मूट कोर्ट आहेत. आमच्या शेजारी खुर्ची टाकून बस. ज्या वाट्यांनी आम्ही मार्क देतो त्याच वाट्यांनी तू दे. तुझे मार्क धरले जाणार नाहीत, पण शेवटी आपण तिघांचे ताडून पाहू. तिला यात काहीतरी डाव वाटला असावा. तरी आली.

पहिल्या दिवशी ती सगळ्यांसारखीच निघाली. जो मोठ्यानं बोलेल त्याला मार्क. सय्यद सर प्रत्येक वेळी तिच्याकडे वळून विचारायचे, “हां बेटा, क्या बोला वो?” ती सांगायला जायची आणि अडकायची. हळूहळू तिचं पेन खाली राहायला लागलं. ऐकताना ती पुढं वाकायला लागली. कुणी प्रश्न टाळला की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि मला आतून हसू यायचं.

त्या तुकडीत रोहन नावाचा मुलगा होता, शहरातल्या नामांकित वकिलांचा. लहानपणापासून घरात कायदा ऐकत वाढलेला, इंग्रजी अस्खलित, वागण्यात अदब. मुलगा खरंच चांगला होता. त्याचा युक्तिवाद झाल्यावर आम्ही मार्क ताडून पाहिले, तर सविताचे मार्क माझ्यापेक्षाही कमी. मी कारण विचारलं.

“लई गोड बोलला,” ती म्हणाली. “पण सरांनी इचारलं त्याचं उत्तरच दिलं नाय. नुसता भोवतीनं फिरला.”

एवढं म्हणून ती एकदम थांबली. समोरच्या कागदाकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मीबी असंच केलं व्हतं का?”

मी हो म्हटलं. सय्यद सरांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

त्यानंतर ती रोज तास संपल्यावर यायला लागली. हे काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं, आणि त्यात माझ्याही मनाची ओढाताण झाली. तो आवाज तिच्या माणसांनी तिला दिला होता. तिच्या आधीच्या पिढ्यांना चारचौघांत मान वर करून बोलायची मुभा नव्हती. ही स्टेजवर उभी राहायची तेव्हा अख्खी वस्ती तिच्या आवाजातून बोलायची. तो आवाज मोडायचा मला काय अधिकार? मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, हा आवाज ठेव, तुझ्या गावासाठी ठेव. पण स्टेजसमोर बसलेली माणसं आधीच तुझी असतात. कोर्टात समोरचा माणूस तुझा नसतो. तो सकाळपासून ऐकून कंटाळलेला असतो आणि त्याला एवढंच हवं असतं, की त्याच्या अडचणीचं उत्तर कुणीतरी द्यावं.

रिकाम्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसायचे आणि तिला सांगायचे, फक्त मला ऐकू येईल एवढंच बोल. तिचा आवाज खाली येईचना. आला की वाक्यं तुटायची, कारण तिची वाक्यं टाळ्यांच्या अंदाजानं रचलेली असायची. सय्यद सर न्यायाधीश होऊन बसायचे आणि मुद्दाम फायलीत डोकं घालून ठेवायचे. एकदा ती चिडून म्हणाली, सर ऐकतच नाहीत. सर मान वर न करता म्हणाले, नाहीच ऐकत, आता ऐकव. ती दप्तर उचलून निघून गेली. मला वाटलं, गेली ही. दोन दिवसांनी परत आली, उभी राहिली आणि मोजक्या शब्दांत म्हणाली, “साहेब, या खटल्यात प्रश्न एकच आहे.” सरांनी डोकं वर केलं.

वर्षाच्या शेवटी खरी परीक्षा. त्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतात. त्यांचे मार्क त्यांचे, त्यात आम्हाला ढवळाढवळ करता येत नाही. त्या वर्षी आलेले सर मोठ्या शहरातले, विद्वान, इंग्रजीवर प्रभुत्व असलेले. वागायला अगदी सरळ माणूस, पण भाषेबद्दल काटेकोर, अशी त्यांची ख्याती.

खटला अपघाताच्या भरपाईचा होता. ट्रकच्या धडकेत एक माणूस गेला. त्याची बायको भरपाई मागते. ट्रक चालवणाऱ्याचा परवाना मुदत संपलेला होता, म्हणून विमा कंपनी हात वर करते. चिठ्ठ्या टाकल्या. रोहनला विधवेची बाजू आली आणि सविताला विमा कंपनीची.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. बाजू बदलून मिळेल का, म्हणाली. आयुष्यभर जी दुबळ्याच्या बाजूनं बोलली, तिला एका विधवेच्या विरोधात कंपनीसाठी बोलायचं होतं. गावात कळलं तर लोक काय म्हणतील, असंही तिच्या तोंडून गेलं. मी म्हटलं, बाजू बदलत नाही. उद्या तुझ्या समोर कंपनीचा वकील उभा राहील तेव्हा तो काय बोलणार, हे तुला आजच कळेल. पण मलाही धाकधूक होतीच. तिला सगळ्यात सोपी गेली असती ती बाजू समोरच्याला मिळाली होती.

रोहन सुरेख बोलला. विधवेचं दुःख त्यानं इंग्रजीत असं रंगवलं, की बाहेरच्या सरांनी मान डोलावली. मग सविता उठली. आवाज खाली. हकीकत सांगितली, परवान्याची मुदत सांगितली, कलम सांगितलं. कुठं फुलोरा नाही. हॉलमध्ये जी पोरं टाळ्यांच्या तयारीनं बसली होती, ती एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात बाहेरच्या सरांनी तिला इंग्रजीत अडवलं. त्यांचा प्रश्न असा होता: तुमचं ऐकलं तर ही बाई रिकाम्या हातानं घरी जाणार, हे तुम्हाला मान्य आहे का?

सविता थांबली. बराच वेळ वाटावा इतकी थांबली. मागं कुणीतरी खोकलं. माझ्या मनात आलं, आता ती जुनी सविता उसळून येईल. कंपनीची बाजू सोडून विधवेसाठी भाषण ठोकेल, किंवा कंपनीसाठी काहीतरी निर्दय बोलून बसेल. तिनं आधी मराठीत उत्तर द्यायची परवानगी मागितली. मग म्हणाली,

“नाय, साहेब. बाईला भरपाई मिळालीच पाहिजे, ते कंपनी नाकारत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की ती ट्रकच्या मालकानं द्यावी, कारण परवाना संपलेल्या माणसाच्या हातात ट्रक त्यानं दिला. पण मालकाकडून मिळेपर्यंत बाईनं थांबावं, असं कोर्टाला वाटत नसेल, तर कंपनी आधी देईल. फक्त मालकाकडून वसूल करायची मुभा आदेशात लिहून द्यावी.”

आणि ती गप्प बसली. सरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नंतर आम्ही तिघं परीक्षक मार्क ताडून पाहायला बसलो. बाहेरच्या सरांनी सविताला बरे मार्क दिले होते, रोहनला खूपच चांगले. मी कारण विचारलं, तर ते म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण भाषेवर संस्कार नाहीत. ‘नाय’ म्हणाली, उच्चार ग्रामीण आहेत. कोर्टात हे शोभत नाही.

माझ्या ओठांवर पुष्कळ आलं होतं. मी पैठणची. आमच्या घरी आजही ‘नाय’ आणि ‘व्हय’च चालतं, नोकरीत राहून मी ते घरात ठेवायला शिकले, एवढाच फरक. पण मी ते काही बोलले नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, सर, आमची इथं एक पद्धत आहे, राग मानू नका. दोघं काय म्हणाले, ते दोन-दोन वाक्यांत सांगाल का?

ते जरा चमकले, पण लगेच म्हणाले, का नाही. सविताचं सांगायला त्यांनी सुरुवात केली ते सरळ शेवटाला नेलं. मालकानं द्यावी, नाहीतर कंपनीनं आधी देऊन वसूल करावी. एक शब्दही चुकला नाही. मग रोहनकडे वळले. त्यानं विधवेची स्थिती फार परिणामकारक, असं म्हणून ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. परवान्याच्या मुद्द्याला त्यानं काय उत्तर दिलं होतं, ते आठवेना, कारण त्यानं ते दिलंच नव्हतं. सर मोकळेपणानं हसले. कागद पुढं ओढून त्यांनी स्वतःच्या हातानं दोघांचे मार्क बदलले आणि शेजारी सही केली. सय्यद सरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. चहा पिता पिता ते मला म्हणाले, तुमची पद्धत मी घेऊन जातो. पण बाई, या मुलीला इंग्रजी शिकवा. उच्च न्यायालयात तिला ते लागेल, तिथं तुमची दोन वाक्यं चालणार नाहीत.

त्यांचं बरोबर होतं. आपल्याच शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे आणि तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. ही गोष्ट माझ्या मनाला अजून लागते. आमच्या हॉलमध्ये आम्ही तराजू नीट केला, पण बाहेरचा तराजू आमच्या हातात नव्हता. सवितानं इंग्रजी शिकून घेतलं. प्रत्येकाला ते जमलं असं नाही. आणि ज्या मुलांना आमच्या आधी केवळ पास होण्यापुरते मार्क मिळाले, जी तालुक्याला परत जाऊन कुठंतरी कारकुनीत अडकली, त्यांच्यात किती संदीप आणि किती सविता होत्या, ते आता कोण सांगणार?

त्या वर्षी तोंडी परीक्षेत पहिला कोण आला, तेही सांगून टाकते. सविता नाही आणि रोहनही नाही. त्यांच्याच वर्षातला संदीप आला. रोहननं मला येऊन विचारलं, माझं कुठं चुकलं? मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. तो आज उत्तम वकील आहे, हेही इथं नोंदवायला हवं.

निवृत्त झाल्यावर आमच्या शहरातल्या गारखेडा भागातल्या सोसायटीनं मला सचिव केलं. कायदेवाली बाई हाताशी आहे, म्हणून. सोसायटीच्या भिंतीला लागून एक बोळ आहे. त्यापलीकडे हमीदभाईंचं वेल्डिंगचं दुकान. समितीनं त्या बोळाला गेट बसवून कुलूप लावलं आणि हमीदभाई कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, त्या बोळातून आमची जुनी वहिवाट आहे. सोसायटीचं म्हणणं, ती आमची जागा. सचिव म्हणून साक्ष द्यायची पाळी माझ्यावर आली. माझ्या प्रतिज्ञापत्रात जे होतं ते खरंच होतं: सोसायटीची जागा नकाशाप्रमाणे कुठवर आहे, आणि आम्ही राहायला आलो तेव्हा बोळाला कसलंही गेट नव्हतं. आमच्या वकिलांना ते वाक्य फार आवडलं होतं. गेट नव्हतं, म्हणजे तिथं रस्ता म्हणून काही नव्हतंच, असा त्यांचा मुद्दा.

उलटतपासणीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात काळ्या कोटातली एक बाई माझ्याकडे आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, “मॅडम, हमीदभाईंची वकील मी आहे. आज तुमच्या विरुद्ध आहे.” सविता. मी म्हटलं, मग जा, तयारी कर. समितीचे अध्यक्ष शेजारीच होते. ओळख निघाली म्हणून त्यांना बरं वाटलं.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. पहिला प्रश्न नकाशाचा होता. मी उत्तर द्यायला लागले ते वर्गात शिकवावं तसं, मालकी म्हणजे काय, ताबा म्हणजे काय. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, बाई, विचारलं तेवढंच सांगा. टंकलेखक गालातल्या गालात हसला. सविता हसली नाही.

“तुम्ही राहायला आलात तेव्हा बोळाला गेट नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं.”

“भिंत, तारेचं कुंपण, साखळी, यापैकी काही?”

“काही नव्हतं.”

“म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला तिथं काहीच नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग लोक त्या बोळातून ये-जा करत होते?”

आमच्या वकिलांनी मान वर केली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या खिडकीची जाळी दुरुस्त करायला हमीदभाई स्वतः त्याच बोळातून, हातगाडीवर मशीन घालून आले होते. ते मला लख्ख दिसत होतं.

“करत होते,” मी म्हटलं. “हमीदभाईसुद्धा.”

“बस, साहेब,” ती न्यायाधीशांना म्हणाली आणि खाली बसली. एक प्रश्नही जास्त नाही. त्या क्षणी मला माझ्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांचा पगार पुन्हा मिळाल्यासारखं झालं, आणि पिंजऱ्यात उभं राहून हसता येत नाही, म्हणून मी कठड्याकडे पाहत राहिले.

बाहेर आल्यावर अध्यक्ष माझ्यावर नाराज होते. तुमचीच विद्यार्थिनी ना, म्हणाले. मग गुरूला जरा सांभाळून विचारायला काय झालं होतं? मी म्हटलं, तिनं तसं केलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं. त्यांना ते कळलं नाही.

निकाल हमीदभाईंच्या बाजूनं लागला आणि गेटचं कुलूप निघालं. पुढच्या निवडणुकीत समितीनं मला सचिव केलं नाही, आणि मीही मागितलं नाही. निकालानंतर काही दिवसांनी हमीदभाई बोळातून हातगाडी ढकलत चालले होते. मी झाडांना पाणी घालत होते. ते थांबले, कपाळाला हात लावून म्हणाले, “मॅडम, उस दिन तुम सच बोले करके रस्ता बचा.”

मी म्हटलं, “मी कुठं बोलले, हमीदभाई? सवितानं मला बोलतं केलं.”